सफरचंदाशिवाय ॲपल पाय: घरात आहे त्यात

अनघा_इंडियाना · १ मार्च, रात्री १०:१५

सध्या चार महिन्यांसाठी आईकडे पुण्यात आले आहे. परवा रविवारी तिच्या जुन्या ओटीजीत एक पाय (मैद्याच्या पोळीत सारण भरून भाजतात तो तिकडचा पदार्थ) केला. आईने पहिला घास घेतला आणि विचारलं, "सफरचंदं कुठली गं? फोडी किती मऊ शिजल्यात." घरात सफरचंद नव्हतंच. आत मोनॅको बिस्किटं होती. ती तिला दाखवली तरी तिचा विश्वास बसेना, तिने चमच्याने सारण उकरून पाहिलं.

हाच प्रसंग सतरा वर्षांपूर्वी माझ्यावर आला होता. अमेरिकेत इंडियानात नवीन होते. शेजारच्या आजींनी बशीतून एक तुकडा आणून दिला. वरचं आवरण खुसखुशीत, आत दालचिनीच्या वासाचं मऊ, आंबटगोड सारण. मीही हेच विचारलं, कुठली सफरचंदं? त्या म्हणाल्या, सालसुद्धा नाही त्यात, खारी क्रॅकर बिस्किटं आहेत. त्यांची आई महामंदीच्या वर्षांत हा पाय करायची. १९३३ साली तिकडे दर चार कामकऱ्यांमागे एक जण बेकार होता. हिवाळ्याच्या शेवटी तळघरातली सफरचंदं संपलेली असत, नवी यायला बराच अवकाश असे आणि डब्यात बिस्किटं असत. मग बिस्किटांचाच पाय.

तिकडची मंडळी याला "मॉक ॲपल पाय" म्हणतात. रिट्झ नावाची बिस्किटं १९३४ साली बाजारात आली आणि पुढे त्यांच्या खोक्यावर ही कृती छापून येऊ लागली, म्हणून पुष्कळांना वाटतं की हा पाय त्या कंपनीने शोधला. तसं नाही. साध्या सोडा क्रॅकरचा असा पाय त्याआधी सत्तर-ऐंशी वर्षं तरी लोक करत होते.

आता माझी पुण्यातली कृती. नऊ इंची ताटलीसाठी.

आवरणाला ३०० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम साजूक तूप, पाऊण चमचा मीठ आणि साधारण ७५ मिली बर्फाचं पाणी. तिकडे लोणी वापरतात, पण लोण्यात सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि तुपात ते नसतं. त्यामुळे तूप मोजून कमी घ्यायचं आणि पाणी थोडं जास्त. तूप अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून घट्ट करा, दगड होऊ देऊ नका. करंजीला आपण मोहन कडकडीत घालतो, इथे गारच घालायचं आणि बोटांच्या टोकांनी भराभर चोळायचं. तळव्याची ऊब लागली की तूप विरघळतं आणि मग पापुद्रे सुटत नाहीत. तुरीच्या डाळीएवढे तुपाचे कण दिसत राहिले पाहिजेत. मूठ वळली की मुटका राहावा आणि बोटाने दाबला की फुटावा. मग पाणी शिंपडत गोळा करा. मळायचं नाही, नुसतं एकत्र आणायचं. दोन भाग करून झाकून फ्रिजमध्ये तासभर.

सारणाला १२० ग्रॅम मोनॅको. वरचं मीठ पुसून घ्या, नाहीतर खारट होतो. प्रत्येक बिस्किटाचे हाताने तीन-चार तुकडे करा, चुरा अजिबात नको. साखर ३०० ग्रॅम (मूळ कृतीत ४०० आहे, मला फार गोड लागतो), पाणी ४२० मिली. साखर-पाणी उकळून मंद आचेवर पंधरा मिनिटं आटवा. गॅस बंद केल्यावर तीन लिंबांचा रस, एका लिंबाची किसलेली साल. मूळ कृतीत एक लिंबू आणि दोन चमचे क्रीम ऑफ टार्टर (एक आंबट पांढरी पूड) असतं. ते आईच्या घराजवळच्या दुकानांत मिळालं नाही, म्हणून दोन लिंबं वाढवली. पाक अर्धा तास गार होऊ द्या.

एक पोळी ताटलीत अंथरा, बिस्किटांचे तुकडे पसरा, वरून पाक ओता. ढवळू नका. दोन चमचे लोण्याचे ठिपके, अर्धा चमचा दालचिनी पूड. वरून दुसरी पोळी, वाफ जायला चार चिरा. कडा बंद करताना मी मुरड घातली, आईच्या करंजीसारखी. तिकडे बोटांनी चिमटे काढतात, पण मुरड जास्त घट्ट बसते, रस बाहेर येत नाही.

२०० अंशांवर ४० ते ४५ मिनिटं. आणि निदान तीन तास गार होऊ द्या. गरम असताना आत खीर असते, गार झाल्यावर फोडी होतात.

हा धागा त्यासाठीच काढलाय. घरात नाही ते बाजूला ठेवून घरात आहे त्यात तुम्ही काय भाजलंय? पाय, टार्ट, काहीही. बदली जिन्नस कुठला आणि तो का चालला, हेही लिहा.

शेवंती · १ मार्च, रात्री १०:४८

तोंडाला पाणी सुटलं! वाचनखूण साठवली. अनघाताई, साखर दीडशेवर आणली तर चालेल का?

अनघा_इंडियाना · १ मार्च, रात्री ११:०२

शेवंती, नाही गं. इथे साखर नुसत्या गोडीसाठी नाही. घट्ट पाकात बिस्किटाचा तुकडा तुकडाच राहतो. पाक पातळ झाला की तो चहात बुडालेल्या बिस्किटासारखा विरघळून लापशी होते. मी एकदा २०० ग्रॅमवर करून पाहिलाय, सारण पावासारखं लागलं. २५० च्या खाली जाऊ नकोस. गोड नको असेल तर तुकडा लहान काप.

लॅबमास्तर · २ मार्च, सकाळी ७:३०

बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवतोय, त्यामुळे हा धागा रात्रीच दोनदा वाचला. जीभ का फसते, ते सांगतो.

शिजवलेल्या सफरचंदात उरतं काय? साखर, मॅलिक आम्ल आणि शिजून सैल पडलेला गर. कच्च्या सफरचंदाचा जो ताजा वास असतो त्यातला बराचसा भट्टीत उडून जातो आणि त्याची जागा दालचिनी घेते. पायमधलं सफरचंद आपण ओळखतो ते आंबट अधिक गोड अधिक दालचिनी अधिक मऊ फोड, या चौघांच्या जोडीने. या चारही गोष्टी दुसरीकडून आणल्या की मेंदू पाचवी स्वतःच भरून काढतो. आंबटपणा लिंबाचा, म्हणजे सायट्रिक आम्लाचा. मऊ फोड बिस्किटातल्या स्टार्चची. तो पाक पिऊन फुगतो आणि साखर भरपूर असल्याने त्याचा चिकट लगदा होत नाही. अनघाताईंनी साखरेबद्दल अनुभवातून जे सांगितलं ते शास्त्राला धरूनच आहे.

आम्लाचं आणखी एक काम असतं. हलवाई पाकात लिंबू पिळतात, पाकाची साखर होऊ नये म्हणून. आम्ल आणि उष्णता मिळाली की साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांत फुटतो आणि मग खडे धरत नाहीत. मूळ कृतीतलं क्रीम ऑफ टार्टर आंबटपणासोबत हेही करतं. अनघाताई, तुम्ही लिंबू गॅस बंद केल्यावर घालता. चवीला ते बरोबर आहे, पण त्यातलं एक लिंबू आटवायच्या आधी घालून पाहा. दुसऱ्या दिवशी सारण रवाळ होणार नाही.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात दक्षिणेकडच्या राज्यांची नाकेबंदी झाली होती. त्या वेळी, १८६३ साली, रिचमंडमध्ये एक लहानशी पाककृतींची पुस्तिका छापली गेली. तीत सफरचंदाविना ॲपल पाय आहे: भिजवलेली क्रॅकर, एक चमचा टार्टारिक आम्ल, चवीपुरती साखर, लोणी आणि किंचित जायफळ. यातलं टार्टारिक आम्ल वाचून मी थांबलो. वाइनच्या पिंपांच्या तळाशी जे क्षार साचतात, त्यापासून ते आणि क्रीम ऑफ टार्टर दोन्ही करतात. आणि आपल्या चिंचेचा आंबटपणा मुख्यतः टार्टारिक आम्लाचाच असतो.

म्हणजे ज्याच्यासाठी आपण दुकानं पालथी घालतो त्याचं भावंड मिसळणाच्या डब्याशेजारी बसलेलं आहे. शनिवारी करून पाहतो आणि लिहितो.

खमंग · २ मार्च, सकाळी ९:१२

मास्तर, काय सुंदर समजावलंत. मुलीला वाचून दाखवलं, तिचा दहावीचा आम्लांचा धडा एकदम जिवंत झाला.

पूर्वा_मेलबर्न · २ मार्च, दुपारी १:२०

इथे ऑस्ट्रेलियात या कामाला चोको वापरत. चोको म्हणजे बेंगळुरूकडे बाजारात मिळते ती फिकट हिरवी, सुरकुतलेली, पेरूएवढी फळभाजी. तिकडे सीमे बदनेकायी म्हणतात. परसात एक वेल लावला की कुंपण, शेड, सगळं व्यापून टाकतो. मंदीच्या काळात पैसे नव्हते पण चोको फुकट होते, म्हणून लोकांनी ते सफरचंद आणि नासपतीच्या जागी घातले. चोकोला स्वतःची चव जवळजवळ नाही, जे घालाल ते तो शोषून घेतो, आणि शिजल्यावरही फोड मोडत नाही.

मी दोन वर्षं करतेय. सोलून, मधली मऊ बी काढून, सफरचंदासारख्या पातळ फोडी करायच्या. सोलताना हाताला चिकट चीक लागतो, म्हणून पाण्याखाली सोला. लिंबू, साखर, दालचिनी आणि दोन लवंगा घालून वीस मिनिटं शिजवायच्या, नितळून घ्यायच्या आणि मग पाय भरायचा. नितळलेलं पाणी टाकू नका, आटवून परत घाला. माझ्या मराठी मैत्रिणींच्या भिशीत गेल्या वर्षी कुणालाही ओळखता आलं नाही.

अनघा_इंडियाना · २ मार्च, संध्याकाळी ६:०५

पूर्वा, हे तर दुधीने होईल! अमेरिकेत उन्हाळ्यात लोकांच्या परसात झुकिनी इतकी येते की शेजारी एकमेकांच्या दाराशी ठेवून जातात, आणि तिचाही असाच पाय करतात. दुधी तिचाच भाऊबंद. मधला कापूस आणि बिया काढून फोडी करायच्या.

सगळ्यांना एक कळकळीची विनंती. दुधी घ्याल तर आधी कच्चा तुकडा जिभेवर ठेवून पाहा. कडू लागला तर थुंकून टाका आणि अख्खा दुधी फेकून द्या. साखर-लिंबात कडूपणा झाकला जाईल पण त्यातलं विष जाणार नाही, शिजवूनही नाही. काटकसर म्हणून कडू दुधी वापरायचा नाही.

सोळाआणे · ३ मार्च, सकाळी ८:५०

कुणाला दुखवायचं नाही, पण मनापासून विचारतो. याला काटकसर कशी म्हणायची? दीडशे ग्रॅम साजूक तूप, तीनशे ग्रॅम साखर, बिस्किटं आणि वर पाऊण तास ओटीजी. तेवढ्या तुपात आमच्याकडे पन्नास करंज्या होतात. दोन सफरचंदं आणून चिरून खाल्ली तर याहून स्वस्त पडतात. अडचणीच्या दिवसांतला पदार्थ आज हौसेने करायचा आणि त्याला काटकसर म्हणायचं, हे मला पटत नाही.

अनघा_इंडियाना · ३ मार्च, सकाळी ११:३५

सोळाआणे, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मीही स्वतःला तो विचारलाय.

आज इंडियानात ऑक्टोबरमध्ये हा पाय केला तर तो महागच पडेल. तिथे तेव्हा सफरचंदं ढिगाने असतात आणि चांगली क्रॅकर बिस्किटं त्यांच्याहून महाग. आमच्या शेजारच्या आजीसुद्धा शरद ऋतूत हा पाय करत नसत, खऱ्या सफरचंदांचाच करत. बिस्किटांचा पाय फेब्रुवारी-मार्चचा. म्हणजे त्यांच्या आईने बिस्किटं स्वस्त म्हणून नव्हे, तर त्या महिन्यात घरात तीच होती म्हणून घातली. मला या पायमधली हीच गोष्ट धरून ठेवावीशी वाटते. कुठला जिन्नस काय काम करतोय ते आधी ओळखायचं, आणि मग ते काम करणारं आपल्या घरात, आपल्या गावात, त्या महिन्यात काय आहे ते पाहायचं. पुण्यात मार्चमध्ये ते बिस्किट नसेलही, दुधी असेल.

तुपाचं म्हणाल तर अर्धं करता येतं. वरची पोळी काढून टाका. उघडा पाय करा, वरून तव्यावर भाजलेला कणीक-साखरेचा चुरा. आणि ओटीजीचा हिशोब: आमचा १५०० वॅटचा आहे, तापवायला धरून तासभर सतत चालला तरी दीड युनिट, आणि तो मधे मधे आपोआप बंद होतो. मी त्याच तापात खाली शेंगदाणे भाजून घेते.

गोदाकाठ · ३ मार्च, रात्री ९:४०

मी सहसा इथे लिहीत नाही, वाचते. आज लिहावंसं वाटलं.

७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांची होते. आमचं गाव गोदावरीपासून दोन कोसांवर, पण नदीलाही पाणी नव्हतं. आई-दादा रोजगार हमीवर खडी फोडायला जात. रेशनवर मिलो यायचा, अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. आपल्या ज्वारीसारखी भाकरी त्याची व्हायची नाही. पीठ धरून ठेवायचंच नाही, थापताना कडा फाटायच्या. आईने चार दिवस खटपट केली आणि मग उकळतं पाणी घालून त्याची उकड काढायला लागली, तांदळाच्या पिठाची काढतात तशी. मग भाकरी वळायला लागली. लाल, जाड, थंड झाली की चामड्यासारखी. पण अख्खी.

कामावर सुकडी मिळायची, ती आई पदरात बांधून आणायची आणि थोड्या पाण्यात भिजवून आम्हाला वडीसारखी थापून द्यायची. तिला आम्ही बर्फी म्हणायचो. बर्फी तेव्हा पाहिलीसुद्धा नव्हती.

सोळाआणे म्हणतात ते मला समजतं. ते हौसेचं नव्हतं. पण अनघा, तुझ्या शेजारणीच्या आईने केलं ते वाचताना मला माझी आईच दिसली. मुलांच्या ताटलीत काहीतरी गोड, काहीतरी आकाराचं असावं एवढंच तिच्या मनात असणार. तू कृती नीट लिहून ठेवलीस ते बरं केलंस. माझ्या आईचं कुणी लिहून ठेवलं नाही.

अनघा_इंडियाना · ३ मार्च, रात्री १०:२२

मावशी, तुम्ही लिहिलंत, ते आता इथे राहील. मिलोची उकड तुमच्या आई किती पाण्याची काढायच्या, तेवढं आठवत असेल तर सांगाल का?

गोदाकाठ · ३ मार्च, रात्री १०:५१

एका शेर पिठाला तितकंच पाणी, वर ओंजळभर. झाकून ठेवायची, तोवर चूल विझत आलेली असायची.

सोळाआणे · ४ मार्च, सकाळी ७:१५

मावशी, नमस्कार करतो. माझा आक्षेप शब्दाला होता. करणाऱ्या बायांबद्दल मला आदरच आहे. अनघाताई, तुमचं "त्या महिन्यात घरात होतं म्हणून" हे पटलं. या रविवारी दुधीचा उघडा पाय करून पाहतो.

प्राची_लेस्टर · ४ मार्च, दुपारी ४:३०

इंग्लंडची भर घालते. इथे ८ जानेवारी १९४० ला रेशनिंग सुरू झालं ते थेट ४ जुलै १९५४ ला पूर्ण उठलं. साखर माणशी आठवड्याला आठ औंस, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. अनघाच्या एका पायला तीनशे लागते, म्हणजे एका माणसाची आठवड्याची साखर पुरली नसती. म्हणून इथले त्या काळचे बदली पदार्थ साखर वाचवण्याच्या अंगाने जातात आणि त्यात गाजर सगळीकडे. गाजर रेशनवर नव्हतं, परसात पिकायचं आणि मुळात गोड.

त्यातला मला आवडलेला म्हणजे नकली जर्दाळूचं टार्ट. अर्धा किलोला थोडं कमी गाजर किसायचं, जेमतेम बुडेल एवढ्या पाण्यात शिजवायचं, त्यात चार चमचे आलुबुखाराचा जॅम आणि बदामाच्या इसेन्सचे दोन-चार थेंब. खरी गंमत त्या बदामाच्या वासात आहे. जर्दाळूच्या बीचा वास बदामासारखाच असतो, त्यामुळे नाकाला जर्दाळू वाटतो आणि डोळ्याला रंग पटतो. मास्तरांनी चौघांची जोडी सांगितली तशी इथे दोघांचीच आहे.

आपल्या गाजर हलव्याला सरावलेल्या जिभेला मात्र हे लगेच ओळखू येतं. माझ्या नवऱ्याने एका घासात "गाजर" म्हटलं. वेलची चुकूनही घालू नका, घातली की हलवाच.

वुल्टन पायचं नावही ऐकलं असेल. अन्नमंत्री लॉर्ड वुल्टन यांच्या नावाने, कृती सॅव्हॉय हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याची, १९४१. बटाटा, फ्लॉवर, गाजर, स्वीड हे सलगमासारखं कंद, कांद्याची पात, थोडं ओट्स, वर बटाट्याचं किंवा गव्हाळ पिठाचं आवरण. मांसाशिवायचा पाय. तेव्हाच्या लोकांना तो फारसा रुचला नाही. मी मोहरी-हिंगाची फोडणी देऊन करते, आमच्याकडे आवडीने खातात.

तांबडापांढरा · ५ मार्च, सकाळी १०:१०

कोल्हापुरातून. पेनसिल्व्हेनियात जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांचा शूफ्लाय पाय असतो, मोलॅसिसचा. त्याला फळ लागतच नाही. माझा भाऊ तिकडे असताना त्याने शिकवला. मी मोलॅसिसऐवजी आपली काकवी वापरते. गुऱ्हाळावरून आणलेली, डब्यात अजून उसाचा वास येणारी.

फरक लक्षात ठेवा. मोलॅसिस साखर काढून उरलेलं असतं, म्हणून काळं आणि कडवट. काकवीत सगळी साखर शाबूत असते, म्हणून गोड जास्त आणि रंग सोनेरी. तेवढ्यासाठी मी पाव वाटी काकवी कमी करून एक चमचा कोरी कॉफी घालते, कडवटपणा येतो. एक वाटी काकवी, पाऊण वाटी उकळतं पाणी, पाऊण चमचा खाण्याचा सोडा. सोडा पडला की फसफसून वर येतं, भांडं मोठं घ्या. अंडं आम्ही खात नाही, त्याऐवजी दोन चमचे कणीक गार पाण्यात कालवून घालते. वर मैदा, गूळ आणि तूप चोळून केलेला चुरा. अर्धा चुरा सारणात बुडतो, अर्धा वर राहतो. गुऱ्हाळं सुरू आहेत तोवर करून घ्या.

शेवंती · ६ मार्च, रात्री ९:५५

आज केला बिस्किटांचा आणि बूड ओलं राहिलं. वरून छान सोनेरी, कापला तर खालची पोळी कच्च्या कणकेसारखी. खूप वाईट वाटलं, तूप वाया गेलं. काय चुकलं असेल?

अनघा_इंडियाना · ६ मार्च, रात्री १०:२०

वाईट वाटून घेऊ नकोस, हे सगळ्यांचं होतं. तीन प्रश्न. पाक कोमट होता की गार? ताटली कसली? आणि कुठल्या कप्प्यात ठेवलास?

शेवंती · ६ मार्च, रात्री १०:२६

पाक चांगला गरम होता. काचेची ताटली. मधला कप्पा.

अनघा_इंडियाना · ६ मार्च, रात्री १०:४४

पाकानेच घात केला. गरम पाकाने पोळीतलं तूप भाजायच्या आधीच वितळलं आणि मग पोळीने पाणी पिऊन घेतलं. पाक बोटाला गार लागला पाहिजे. शिवाय काच सावकाश तापते. पातळ जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, केकची ताटली घे आणि पहिली वीस मिनिटं सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेव.

आणि आईची युक्ती: पोळी अंथरल्यावर तळाला दोन चमचे कोरडा भाजलेला रवा शिंपड, मग बिस्किटं. रवा पाझरणारा रस पिऊन घेतो आणि चवीला कळतसुद्धा नाही. माझ्या पायचं बूड सतरा वर्षांत जितकं चांगलं झालं नव्हतं तितकं या रव्याने झालं.

उरलेला टाकू नकोस. वरचा भाग सारणासकट काढून दुधात घालून खा. खालचं बूड तव्यावर मंद आचेवर उलटं भाज, शंकरपाळ्यासारखं होतं.

लॅबमास्तर · ७ मार्च, रात्री ८:३०

चिंचेचा प्रयोग झाला. वाट्यांमध्ये चार छोटे पाय केले, सगळं सारखं, आंबट फक्त वेगळं.

नुसतं लिंबू: चांगला, पण लिंबूच पुढे येतं. नुसती चिंच, एक चमचा पातळ कोळ: आंबटपणा गोल, खोल, रंगही भाजलेल्या सफरचंदासारखा तपकिरी. पण मागून चिंचगोळीची चव येते आणि ती आली की सफरचंद संपलं. टार्टारिक आम्ल चिंचेत आहे हे खरं, पण चिंच म्हणजे नुसतं आम्ल नाही, हे मी धरलंच नव्हतं. तिसरा, अर्धा चमचा कोळ आणि दोन लिंबं: हा घरात सगळ्यांना सर्वांत आवडला. चौथ्यात लिंबूसत्त्व, पाव चमचा: आंबटपणा बोचरा, सपाट.

लिंबाच्या पायांच्या पाकात एक लिंबू आटवायच्या आधी घातलं होतं. चौथ्या दिवसापर्यंत एखादा ठेवून रवाळपणा येतो का ते पाहणार होतो, पण सकाळीच सगळे संपले.

रत्नांग्रीस · ८ मार्च, सकाळी ८:२०

एवढी चर्चा झाली आणि कैरी कुणी काढली नाही! आमच्या अंगणात रायवळाचा सडा पडायला लागलाय, वाऱ्याने गळलेल्या बाळकैऱ्या. मॅलिक आणि सायट्रिक दोन्ही आम्लं कैरीत असतात, मास्तर सांगतीलच. कोय पुरती धरायच्या आतली कैरी सोलून फोडी करा, मीठ लावून दहा मिनिटं, पिळून घ्या, मग साखर, दालचिनी आणि चमचाभर तांदळाचं पीठ. लिंबू नको, काही नको. कॅरिबियन बेटांवर आणि फ्लोरिडातही कच्च्या आंब्याचा पाय करतात आणि तो सफरचंदाच्या पायसारखा लागतो असं म्हणतात. मला तो सफरचंदापेक्षा सरस वाटतो.

ओव्हन नाही आमच्याकडे. जाड बुडाच्या कढईत तळाला बोटभर जाड मीठ, वर तिवई, झाकून पंधरा मिनिटं तापवायची, मग ताटली आत आणि मंद आचेवर पन्नास मिनिटं. वरून रंग येत नाही, म्हणून उघडाच पाय करते आणि चुरा वेगळा तव्यावर भाजून घालते. मीठ पुन्हा पुन्हा वापरता येतं, खाण्यात घेऊ नका.

लॅबमास्तर · ८ मार्च, सकाळी ९:०५

रत्नांग्रीस, बरोबर. आणि शिजवल्यावर कैरीची फोड तिच्यातल्या पेक्टिनमुळे स्वतःच रस घट्ट धरते, म्हणून तांदळाचं पीठ चमचाभरच पुरतं.

खमंग · ८ मार्च, दुपारी १२:४०

अनघा, अंडं नाही आणि फळही नाही असा तुमच्या इंडियानाचा एक पाय असतो ना?

अनघा_इंडियाना · ८ मार्च, दुपारी ३:१५

हो, शुगर क्रीम पाय. तिथल्या सिनेटने २००९ मध्ये त्याला राज्याचा पाय म्हणून ठरावही केला. साय, साखर, थोडं पीठ, वर जायफळ, बस्स. अंड्याचं काम पीठ करतं. मी इथे सायीच्या जागी अर्धी साय, अर्धं आटवलेलं दूध घेते आणि मैद्याऐवजी तीन चमचे आरारूट. सगळं मंद आचेवर ढवळत घट्ट करायचं, आधी भाजून घेतलेल्या पोळीत ओतायचं आणि वरून जायफळ किसायचं, सढळ हाताने. बासुंदी आणि पाय यांच्या मधलं काहीतरी होतं. आईला हाच सगळ्यात आवडला.

सोळाआणे · ९ मार्च, रात्री ८:१०

दुधीचा उघडा पाय काल केला. पाऊण किलो दुधी (कच्चा चाखून पाहिला, गोड होता), १२० ग्रॅम साखर, दोन लिंबं, मास्तरांचा अर्धा चमचा चिंचेचा कोळ, तळाला रवा. तूप ८० ग्रॅममध्ये भागलं. वडील ऐंशीचे आहेत, दात नाहीत, सफरचंद त्यांना किसूनच द्यावं लागतं. त्यांनी दोन तुकडे खाल्ले आणि विचारलं, फोडी एवढ्या मऊ कशा झाल्या.

मी सांगितलं नाही अजून.

शेवंती · १० मार्च, रात्री ९:३०

बूड कोरडं! रवा, गार पाक, जर्मनची ताटली. आणि मुरड मी आजीकडून घालून घेतली, आता तिच्याकडून शिकते आहे. उद्या कैऱ्या आणते.